सैल धरलेली टेप

स्मारक समितीचे चार जण आले तेव्हा मास्तरांच्या दुकानात जागा होती दीड माणसाची. एक गिऱ्हाईक आणि अर्धे मास्तर. अर्धे अशासाठी, की त्यांचा कमरेखालचा भाग गेली तीस वर्षं शिलाई मशीनच्या ताब्यात होता आणि दुकान बंद होईस्तोवर मशीन तो सोडत नसे. तेव्हा अध्यक्ष आत शिरले, सचिव दारात मावले, आणि उरलेल्या दोघांनी रस्त्यावर उभं राहूनच चेहरे गंभीर केले.

अध्यक्षांचा धंदा सिमेंटचा. पुतळ्याचा विषय निघाला की त्यांना भरून येई. त्यात ढोंग नव्हतं. चौथऱ्याला सिमेंट लागतं, आणि आपल्या मालावर कुणाचंही प्रेम असतंच.

"मास्तर, ठरलं!" अध्यक्ष म्हणाले. "बसथांब्यासमोर, चौकात, तुमच्या चिरंजीवांचा पुतळा. पूर्णाकृती, माणसाएवढा."

मास्तरांनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि म्हणाले, "बरं."

"नुसतं बरं? सोळा बैठका घेतल्या त्यासाठी!"

सोळा बैठका झाल्या होत्या हे खरं. त्यांतल्या चौदा, पाटीवर अध्यक्षांचं नाव हुतात्म्याच्या वर असावं की खाली, या प्रश्नावर झाल्या. शेवटी तोड निघाली: नाव खाली, पण अक्षर मोठं.

सचिवांनी कागदाची गुंडाळी कटिंगच्या टेबलावर सोडली आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिच्या एका टोकावर कात्री आणि दुसऱ्यावर इस्त्री ठेवली. इस्त्री थंड होती म्हणून पुतळा वाचला. मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"हा कोण?"

"असं काय करता? तुमचा मुलगा!"

"याला मिशी आहे."

"शोभते ना?"

"त्याला फुटलीच नव्हती. आरशासमोर उभा राहून वाट बघायचा. थोडं काहीतरी पुसट उगवलं होतं, तेही डाव्या बाजूला जास्त."

"मास्तर, लोकांना जवान म्हटला की मिशी लागते. नाहीतर येणारी-जाणारी माणसं म्हणतील, हा शाळेत जाणारा पोरगा इथे कशाला उभा केलाय."

"म्हणू देत," मास्तर म्हणाले. "आणि ही छाती किती धरलीय?"

"बेचाळीस. पुतळेवाल्यांकडे धड तयार असतं, ते बेचाळीसचं. फक्त डोकं आपल्या ऑर्डरप्रमाणे."

मास्तर मशीनमागून उठले. दिवसाढवळ्या मास्तर उठले हे पाहून रस्त्यावरचे दोघेही एक पाऊल मागे सरले. मास्तरांनी फळीवरून मापाची वही काढली. जाड पुठ्ठ्याची, पोट फुगलेली वही होती ती. अर्ध्या गावाच्या कमरा तिच्यात होत्या, आणि त्या कशा सुटत गेल्या त्याचा इतिहासही. एक पान उघडून त्यांनी अध्यक्षांच्या नाकासमोर धरलं. वर लिहिलं होतं, 'बारक्या'. खाली आकडे. छाती एकतीस. डावा खांदा पाऊण इंच उतरता.

"पुतळा या मापाने होईल," मास्तर म्हणाले. "छाती एकतीस, खांदा उतरता, मिशी नाही. होणार नसेल तर उद्घाटनाला मी यायचा नाही. ही पण येणार नाही."

अध्यक्ष गडबडले. हुतात्म्याच्या आईवडलांशिवाय पुतळ्याचं उद्घाटन म्हणजे नवरीशिवाय लग्न. पाहुणे जेवतात, पण बोलतात.

"अहो, एकतीस म्हणजे काहीच्या काही! भरतीला बत्तीस लागते कमीत कमी. मग लोक विचारतील, ही छाती सैन्यात गेलीच कशी?"

"तेच," मास्तर म्हणाले. "तेच विचारायला हवंय त्यांनी."

आणि मशीनने त्यांना पुन्हा आत घेतलं.

मास्तरांना काय हवं होतं ते एवढंच. चौकात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, बसची वाट बघणाऱ्यालासुद्धा, सिमेंटमध्ये दिसलं पाहिजे, की आपला पोरगा लहान होता. इंचभर लहान. त्याला घ्यायला नको होता. कुणीतरी घेतला.

पाच वर्षांपूर्वी लढाईची बातमी रोजच्या वर्तमानपत्राच्या तळातून डोक्यावर आली आणि भिंतीवर भरतीच्या जाहिराती लागल्या, त्या दिवशी बारक्या जेवता जेवता म्हणाला, "सोमवारी मैदानावर भरती आहे. मी जाणार." वय एकोणीस. मास्तरीणबाई वाढत होत्या. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "जाशील रे. आधी माप तर घेऊ."

गळ्यातली टेप काढून त्यांनी पोराच्या छातीभोवती फिरवली. एकतीस. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, बत्तीस. मास्तरांनी पोराच्या खांद्यावरून बायकोकडे पाहिलं आणि डोळा मारला.

"बाबा," बारक्या म्हणाला, "वहीत थोडं वाढवून लिहा ना."

"मापात लबाडी नाही. पण जा तू. मी अडवणार नाही."

बारक्याला वाटलं, बाप असावा तर असा. त्याने मास्तरांना मिठी मारली. मास्तरांना स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. वाईटपणा सरकारने घ्यायचा, समजूत आपण घालायची, असा तो बेत. समजुतीसाठी त्यांनी करड्या कापडाची एक पँटसुद्धा त्या रविवारी कापून ठेवली. पोस्टातल्या ओळखीच्या कारकुनाकडे त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. पोरगा हिरमुसून परत आला की पँट शिवायची, ती घालून त्याला तिकडे न्यायचा.

सोमवारी संध्याकाळी बारक्या धावत आला. हातात चिठ्ठी. छाती बत्तीस, शिक्का, सही.

"बाबा, तुमची टेप चुकते!" दारातूनच ओरडला. "बदला ती!"

"पंचवीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही या टेपेची!" मास्तर म्हणाले. आणि ते खरंच होतं.

सुट्टीवर बारक्या एकदाच आला. वर्दी त्याच्या अंगात अशी होती, की वर्दीच सुट्टीवर आलीय आणि पोरगा सोबतीला. मास्तरांनी ती तासाभरात दोन्ही बाजूंनी आत घेतली. नऊ महिन्यांनी पेटी आली. बंद होती. मास्तरांची नजर शिंप्याची. रडतानाही ती मोजत होती. पेटी साडेसहा फूट, पोरगा पाच-पाच. सरकारी माप एकच असतं.

त्या दिवसापासून घरात एक तिसरा माणूस राहायला आला. मैदानावर ज्याने टेप सैल धरली तो. माणसं कमी पडत होती, आकडा भरायचा होता, म्हणून त्याने हात ढिला सोडला आणि एकतीसचे बत्तीस केले, याबद्दल नवराबायकोला शंका नव्हती. त्याचं नावच पडलं, ढिल्या हाताचा. संध्याकाळी जेवायला बसलं की दोघांपैकी एकाला त्याची आठवण यायची.

"आज उकडतंय. त्या ढिल्या हाताच्याचा पंखा बंद पडला असेल," मास्तर म्हणायचे.

"पडू दे. घरात त्याच्या दूध नासत असेल रोज," मास्तरीणबाई म्हणायच्या. "उकळलं की फाटलं. रोज."

तीन वर्षांत दोघांनी मिळून त्याला बराच वाढवला होता. त्याला पोटाचा विकार दिला, न बोलणारा भाऊ दिला, पावसात गळणारं छप्पर दिलं. दुसऱ्या कशावर त्यांना फारसं बोलता येत नसे. पोराबद्दल तर नाहीच. पण ढिल्या हाताच्यावर बोलता यायचं, आणि मग भात खाली उतरायचा.

समितीने सतरावी बैठक घेऊन माघार घेतली. मिशी गेली. छातीबद्दल अध्यक्ष म्हणाले, "पुतळेवाले करतील तर करू दे. मला तर वाटतं लांबून दिसणार पण नाही."

पुतळेवाल्यांचं अंगण गावाबाहेर, विटांच्या भट्टीशेजारी. तिथे एका ओळीत सात धडं उभी होती, सगळी बेचाळीसची, सगळ्यांचा उजवा हात वर. फळीवर डोकी वाळत होती. दोन पुढारी, एक शाळेचे संस्थापक, आणि एक पैसे न आल्यामुळे तीन वर्षं कुणाचंच नसलेलं. संस्थापकांचा हात वर का, असं कुणी विचारलं तर पुतळेवाले सांगत, मुलांना शांत बसा म्हणतायत.

मास्तरांची वही बघून पुतळेवाल्यांनी आधी कपाळावर हात मारला.

"नवीन धड करायचं? मातीपासून? मास्तर, शेवटचं धड करून मला नऊ वर्षं झाली. आता मी नुसता साचा भरतो."

"जमणार नाही?"

"जमणार नाही असं कोण म्हणालं?" पुतळेवाले चिडले. "उतरता खांदा म्हणता. किती? पाऊण? कुठला, डावा?" आणि बोलता बोलता त्यांनी मातीवरचं ओलं पोतं ओढलं. नंतर त्यांनी स्वतःच कबूल केलं, की त्या आठवड्यात त्यांना झोप चांगली लागली.

पद्धत त्यांची जुन्या वळणाची. आधी उघडं अंग करायचं, मग त्यावर कपडे चढवायचे, तेही मातीचेच. दहाव्या दिवशी त्यांचा निरोप आला: अंग झालंय, बघून जा.

मास्तर गेले. अंगणाच्या मधोमध पाटावर ते धड उभं होतं. डोकं अजून व्हायचं होतं. बाजूच्या सात दणकट धडांपुढे ते इतकं बारीक दिसत होतं, की मास्तर जरा वेळ भट्टीच्या धुराकडे बघत राहिले. मग त्यांनी कामाला लागलेलं बरं म्हणून गळ्यातली टेप काढली आणि मातीच्या छातीभोवती फिरवली.

तीस.

पुन्हा फिरवली. तीसच.

"इंच खाल्लात तुम्ही!" मास्तर म्हणाले.

"कुणी? मी?"

"एकतीस सांगितलं होतं. हे तीस आहे."

"मास्तर, मी पोलादी टेपेने घेतलंय. बरोबर एकतीस. केसभरही इकडे-तिकडे नाही."

"मग तुमचा हात सैल आहे! एक तर इंच वाढवतात, नाहीतर इंच खातात. माप घेणाऱ्याच्या हातात इमान पाहिजे!" मास्तरांचा आवाज चढला होता, आणि तो पुतळेवाल्यांसाठी नव्हता.

पुतळेवाल्यांनी खिशातून आपली पोलादी टेप काढली, फरशीच्या तुकड्यावर लांब सोडली आणि म्हणाले, "तुमची ठेवा बाजूला."

मास्तरांनी ठेवली. दोन्ही शून्यं जुळवली. त्यांच्या टेपेच्या टोकाची पितळी पट्टी अजून शाबूत होती. तिचा त्यांना अभिमान होता. पहिल्या पाच इंचांत दोन्ही टेपा बहिणीबहिणींसारख्या शेजारी चालल्या. दहाशी त्यांच्यात थोडं अंतर पडलं. विसाशी ते डोळ्यात आलं. आणि पुढे पोलादी टेपेच्या बत्तीसच्या रेघेला मास्तरांच्या टेपेची रेघ चिकटली होती, ती एकतीसची.

"ताणलीय," पुतळेवाले हळूच म्हणाले. "कापडी टेप ताणते हो. किती वर्षांची?"

मास्तरांनी टेप गुंडाळली आणि ते चालू लागले.

वाटेत बटणवाल्याचं दुकान होतं. तिथे त्यांनी तीन वेगवेगळ्या पाकिटांतल्या तीन नव्या टेपा काढायला लावल्या आणि काउंटरवर आपल्या टेपेशेजारी मांडल्या. तिन्ही नव्या टेपांचं एकमत होतं. जगात तीन जणांचं एकमत व्हायचा हा क्वचित प्रसंग.

"मास्तर, तुमची म्हातारी झाली," बटणवाला हसून म्हणाला. "तीस वर्षं गळ्यात पडून राहिली, जरा सैलावणारच की. पण तुमचे कपडे तर सगळ्यांना बसतात!"

बसतात. मास्तर दुकानात येऊन बसले आणि त्यांना उलगडलं ते का बसतात. माणूस मोजायचा तो याच टेपेने, आणि कापड मोजायचं तेही याच टेपेने. एकतीस म्हणून लिहायचं बत्तिसाला, आणि एकतीस म्हणून कापायचंही बत्तिसालाच. चूक दोन्हीकडे सारखी, त्यामुळे ती कुणाला कधी दिसायचं कारणच नव्हतं. सगळं गाव चुकीच्या मापात अगदी व्यवस्थित हिंडत होतं. तीस वर्षांत या टेपेने मोजलेलं एकच माणूस असं होतं, जे नंतर दुसऱ्या टेपेकडे गेलं.

म्हणजे त्या मैदानावर, उन्हात, शेकडो पोरं मोजताना, त्याने टेप नीट धरली होती. त्याचा हात ढिला नव्हता. तो एक साधा, इमानी माणूस होता. तीन वर्षं त्याच्या घरातलं दूध ही दोघं रोज नासवत होती.

संध्याकाळी पानं वाढल्यावर मास्तरीणबाईंनीच सुरुवात केली. "आज वारा सुटलाय. त्या ढिल्या हाताच्याच्या छपराची कौलं—"

"त्याचा हात ढिला नव्हता," मास्तर म्हणाले.

"कुणाचा?"

"त्याचा."

त्यांनी दोन टेपा दोन्ही पानांच्या मधल्या जागेत पसरल्या. एक नवी, पिवळीधमक; एक जुनी, आकडे पुसट झालेली. मास्तरीणबाईंनी तीस वर्षं काजं केली होती, बटणं लावली होती. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. एक बोट एका टेपेवर आणि दुसरं दुसरीवर ठेवून त्या दोन्हींवरून चालत गेल्या. बत्तीसशी एक बोट थांबलं. शेजारचं एकतीसशी.

"म्हणजे बत्तीस होता."

"होता."

"पहिल्यापासून."

"हं."

मास्तरीणबाईंनी दोन्ही बोटं टेपांवरून उचलली.

"तो सांगत होता," त्या म्हणाल्या. "दारात उभा राहून. तुमची टेप चुकते, म्हणून."

"सांगत होता."

"तुम्ही म्हणालात, पंचवीस वर्षांत तक्रार नाही."

"म्हणालो."

"मी पातेलं खाली ठेवलं होतं त्या दिवशी. नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. तुम्ही डोळा मारलात." त्यांनी जुनी टेप उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "तुम्हालाही तो जायला नकोच होता ना?"

"नको होता गं."

"मग तोंडाने म्हणायचं होतंत. टेपेला कशाला बोलायला लावलंत?"

मास्तरांनी जुनी टेप उचलून गुंडाळली. हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी कुणी विचारला नव्हता.

त्यानंतर घरात जेवण व्हायचं, बोलणं व्हायचं नाही. तिसरा माणूस निघून गेला होता आणि जाताना दोघांचा विषय घेऊन गेला होता. मास्तर वाट बघत होते, की आता त्या जागेवर आपला नंबर लागेल. निदान पोटाचा विकार तरी मिळेल, एखादा भाऊ तरी बोलायचा थांबेल. बायकोने एक सणसणीत शिवी दिली असती तर घास उतरला असता. पण मास्तरीणबाई वाढायच्या, उचलायच्या, आणि कपाटाशी जाऊन उभ्या राहायच्या. कपाटात त्या करड्या पँटचे कापलेले चार तुकडे अजून घडी घालून ठेवलेले होते.

दुकानात वेगळीच पंचाईत. नवी टेप गळ्यात घालावी, तर वहीतलं अख्खं गाव चुकीचं ठरत होतं. जुनी ठेवावी, तर ती गळ्याला लागत होती. पहिल्या दिवशी मास्तरांनी नव्या टेपेने वहीतल्या मापाचा एक शर्ट कापला आणि तो गिऱ्हाइकाच्या अंगात गेला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, माझं वजन वाढलं वाटतं." मास्तर म्हणाले, "हो." माणूस खोटं बोलायला लागला की किती सोपं असतं ते.

पुतळेवाल्यांना निरोप गेला होता: एकतीस नव्हे, बत्तीस. ही बातमी अध्यक्षांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते हसत हसत दुकानात आले.

"काय मास्तर, इंच वाढवलात म्हणे! मी म्हणत नव्हतो? असेच वाढवत चला, उद्घाटनापर्यंत बेचाळीस होतील!"

मास्तरांनी ओठांत टाचण्या धरल्या होत्या. तशाच धरून ठेवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तर दुकान उघडत होते, तर मास्तरीणबाई मागे येऊन उभ्या. चपला घातलेल्या. हातात नवी टेप.

"चला. मला मोजायचाय तो."

"अगं, पुतळेवाले मोजतायत की. पोलादी टेपेने."

"पुतळेवाले मोजतील, तुम्ही मोजाल, तो मैदानातला मोजेल. सगळ्या जगाने मोजला त्याला. मी कधी मोजलं नाही. चला."

अंगणात पोचल्यावर त्या सात धडांच्या समोरून सरळ चालत गेल्या, आणि पोत्याखालच्या आठव्याशी थांबल्या. पुतळेवाल्यांनी पोतं काढलं. "डोकं पुढच्या आठवड्यात होईल बाई," ते ओशाळून म्हणाले. "अजून ओळखू येणार नाही."

"येतोय," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या डाव्या खांद्याकडे बघत होत्या. "दप्तर नेहमी त्याच खांद्याला. हज्जारदा सांगितलं होतं, बाजू बदल म्हणून."

त्या पुढे झाल्या. छातीचं माप घ्यायचं तर टेप पाठीमागून फिरवावी लागते, आणि त्यासाठी दोन्ही हात माणसाच्या भोवती घालावे लागतात. त्यांनी घातले. टेप मागे कुठेतरी मुडपली. त्यांनी गाल मातीला टेकवून पलीकडे डोकावून ती सरळ केली.

"ओढू नकोस," मास्तर सवयीने म्हणाले. "आणि सैल—"

ते थांबले.

"बोला की," मास्तरीणबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "कसं धरायचं ते सांगा. तुमचा धंदा आहे."

"एक बोट," मास्तर म्हणाले. "एक बोट आत राहील इतकीच सैल. श्वास घेता आला पाहिजे माणसाला."

मास्तरीणबाईंनी टेप आणि माती यांच्यामध्ये एक बोट घातलं. दोन्ही टोकं पुढे जुळवली.

"बत्तीस," त्या म्हणाल्या.

आकडा सांगून झाला तरी त्यांनी टेप सोडली नाही. भट्टीवरून एक गाडी विटा घेऊन गेली, तिचा धुरळा खाली बसला, तरी सोडली नाही. शेवटी पुतळेवाले म्हणाले, "बाई, माती ओली आहे. कपड्यांना लागेल."

"लागू दे."

नंतर पुतळा झाला. वर्दी चढली, डोकं बसलं, चौकात उभा राहिला. उद्घाटनाला अध्यक्षांनी पूर्वीच लिहून ठेवलेलं भाषण केलं, त्यात 'बेचाळीस इंची पोलादी छाती' होती. टाळ्या पडल्या. मास्तरीणबाई पहिल्या रांगेतून बसल्या जागी म्हणाल्या, "बत्तीस." अध्यक्षांना वाटलं, वीरमातेला काहीतरी हवंय. त्यांनी माइक खाली केला. "बत्तीस," त्या पुन्हा म्हणाल्या. माइक चालू होता, त्यामुळे ते चौकभर ऐकू गेलं आणि कुणाला काही कळलं नाही. बसथांब्यावरच्या एकाला वाटलं, बत्तीस नंबरची बस आली. तो उठून उभा राहिला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी वही काढली, बारक्याच्या पानावरचा एकतीस खोडला आणि बत्तीस लिहिला. वहीतलं बाकी सगळं जुन्याच टेपेचं राहिलं आणि जुनी टेप पुन्हा त्यांच्या गळ्यात आली; गावाला कपडे तर लागतातच. एवढ्या जाड वहीत एकच आकडा बरोबर होता.

मास्तरीणबाईंनी चहा ठेवला. दूध ओतताना त्या जरा थांबल्या, आणि टेपांच्या त्या संध्याकाळनंतर घरात पहिल्यांदा आपणहून काही बोलल्या.

"त्या माणसाच्या घरचं दूध आता नासायला नको."

"नको," मास्तर म्हणाले.

आपल्या घरच्या दुधाचं काय, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण टाचण्या धरल्यासारखे त्यांनी ओठ मिटले आणि कप पुढे केला.